माहेरची टीम, सासरची टीम

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची दुपार, मी पोळ्या लाटत होते आणि मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून उभा केलेला, त्यावर कोल्हापूरची फुटबॉल मॅच चालू होती. हल्ली शाहू स्टेडियमवरच्या मॅचेस यूट्यूबवर लाइव्ह दाखवतात. कॅमेरा लांबून लावलेला असतो, बॉल मधेच गायब होतो, पण कॉमेंट्री आपल्या भाषेत आणि मागं हलगी कडकडत असते, त्यामुळं पुण्यातल्या सातव्या मजल्यावरच्या किचनमध्ये पण जरा वेळ पेठेत असल्यासारखं वाटतं. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या दीदी वाटी परत द्यायला आल्या. मूळच्या कोलकात्याच्या, पण इतकी वर्षं पुण्यात राहून मराठी छान बोलतात. मोबाईलकडं बघून म्हणाल्या, कोणाची मॅच? मी म्हटलं, आमच्या गावातल्याच दोन टीम, शेजारच्या टीमची ईर्षेची मॅच, आमच्याकडची डर्बी म्हणा ना. डर्बी म्हटल्यावर बाईंचा चेहरा असा खुलला की त्यांनी ओट्याला टेकून उभंच राहायचं ठरवलं. मग विचारलं, या दोघांत फरक काय? मी म्हटलं, ही मंगळवार पेठ, ती शिवाजी पेठ. हां, पण फरक काय? हे लोक वेगळं जेवतात का? वेगळ्या गावाहून आलेत का? बोलतात वेगळं? मी लाटणं तसंच धरून उभी राहिले. मला एकही फरक सांगता आला नाही.

आणि मला तो सांगता यायला हवा होता, कारण माझं माहेर एका पेठेतलं आहे आणि सासर दुसऱ्या.

दीदींचं म्हणजे सगळं सरळ होतं. त्यांचे आजोबा पूर्व बंगालातल्या बारिसालकडचे, फाळणीत घरदार सोडून कोलकात्याला आलेले, म्हणजे बांगाल, म्हणजे ईस्ट बेंगॉल. सासर पिढ्यान् पिढ्या कोलकात्यातलं, म्हणजे घोटी, म्हणजे मोहन बागान. ईस्ट बेंगॉल जिंकलं की इलिश मासा, मोहन बागान जिंकलं की कोळंबी. घोटी लोक डाळीत-भाजीत साखर घालतात म्हणून त्यांच्या माहेरी हसायचे, आणि सासरी ह्यांच्या बोलीला हसायचे. त्यांनी तिथंच उभ्या उभ्या 1920 ची गोष्ट पण सांगितली, की मोहन बागानविरुद्धच्या मॅचला जोराबागान क्लबनं शैलेश बोस या खेळाडूला खेळवलंच नाही, तो पूर्व बंगालचा म्हणून, असं तिकडच्या लोकांना वाटलं, आणि उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी रागानं क्लब सोडून बाहेर पडले आणि त्यातून ईस्ट बेंगॉल उभं राहिलं. 1975 ला आयएफए शील्ड या तिकडच्या जुन्या स्पर्धेच्या फायनलला ईस्ट बेंगॉलनं 5-0 नं मोहन बागानला हरवलं होतं, ते दीदींचे वडील शेवटपर्यंत सांगायचे म्हणे, आजारपणात सुद्धा. शंभर वर्षांपूर्वीचा अपमान, सुटलेलं गाव, नदी, मासे. एवढं सगळं त्या एका मॅचच्या मागं आहे. मी ऐकत होते आणि मला जरा लाजल्यासारखं झालं, की आमच्याकडं असं मागं काहीच नाही की काय.

कारण खरंच, काय फरक आहे? दोन्ही पेठांची अंबाबाई एक, जोतिबाच्या यात्रेला दोन्हीकडची माणसं गुलालानं तेवढीच माखून येतात. तांबडा-पांढरा दोन्हीकडं तसाच, फार तर माझ्या सासरी पांढऱ्या रश्श्यात खोबरं थोडं जास्त वाटतात, पण ते घराघराचं झालं, पेठेचं नव्हे. "लई", "नव्हं", "काय करतासा" दोन्हीकडं. मंगळवार पेठेतल्या मिरजकर तिकटीपासून शिवाजी पेठेतल्या अर्ध्या शिवाजी पुतळ्यापर्यंत रमतगमत चालत गेलं तरी फार वेळ लागत नाही, लग्नानंतर मी कितीदा तरी हातात डबा घेऊन चालत गेलेय आणि डबा पोचेपर्यंत गरम राहिलाय. दोन्हीकडं तालीम आहे, तालमीत मारुती आहे, मारुतीसमोर लाल माती होती आणि मग कधीतरी त्याच पोरांनी लंगोट काढून बूट चढवले. शाहू महाराजांनी कुस्तीला खासबाग मैदान बांधून दिलं 1912 ला, त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर आता शाहू स्टेडियम आहे, म्हणजे कुस्तीची ईर्षा तेवढी चार पावलं सरकून फुटबॉलला आली असं मला नेहमी वाटतं. टीमची नावं बघा ना. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. युनायटेड, सिटी असली नावं आमच्याकडं फार नाहीत, नावातच तालीम आहे. आणि पेठ म्हणजे एक टीम असंही नाही. पाटाकडील, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब तिन्ही मंगळवार पेठेतले. शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, संध्यामठ शिवाजी पेठेतले. म्हणजे एकाच पेठेतल्या एकाच गल्लीत एका घरात एक आणि समोरच्या घरात दुसरी असं पण असतं आणि तिथं तर ईर्षा अजून वाईट. माझ्या माहेरची टीम कुठली आणि सासरची कुठली हे मी इथं लिहीत नाही. दोन्ही घरं मी लिहिलेलं वाचतात आणि मला दोन्हीकडं जेवायला जायचं असतं.

माहेरचं घर स्टेडियमपासून इतकं जवळ की मॅचचा आवाज थेट माडीवर यायचा. मी लहान असताना मुली फार जायच्या नाहीत मॅचला, आता जातात, बघून बरं वाटतं, पण तेव्हा दादा आणि आण्णा जायचे आणि मी आणि आई घरी. पण खरं सांगते, मॅच मी पण बघितलीय सगळी, कानानं. चार वाजले की आधी पोलिसांची शिट्टी, मग हलगी आणि घुमकं गल्लीतून पुढं जायचं, त्याच्या मागं पोरांचं ओरडणं, आणि मग जरा वेळ शांतता, म्हणजे टीम मैदानात उतरतायत. मग सुरू. बॉल गोलजवळ गेला की आवाज हळूहळू वर चढायचा, जसं दूध उतू जायला येतं तसं, आणि हुकला की एकदम खाली बसायचा, हजारो माणसांचा एकच उसासा. गोल झाला की कुणाचा ते मला सांगावं लागायचं नाही. आमच्यांचा असला की आवाज आमच्या बाजूनं फुटायचा आणि हलगी लगेच त्यात मिसळायची, एका क्षणाचाही गॅप नाही. त्यांचा असला की आवाज लांबून, स्टेडियमच्या पलीकडच्या कडेनं यायचा, आणि त्याच्या अलीकडं एक भोक पडल्यासारखी शांतता असायची. ते भोक म्हणजे आमची माणसं. त्या शांततेत दादा बसलाय, आण्णा बसलेत हे मला दिसायचं. आई तांदूळ निवडता निवडता विचारायची, कुणाचा गं? आणि मी सांगायचे. एकदाही चुकले नाही. एकदा टायब्रेकरवर गेलेली मॅच मी अशीच पूर्ण सांगितली होती आईला, पाचही पेनल्टी, आणि आण्णा घरी आल्यावर आईनं त्यांना उलट सगळं सांगितलं तर ते बघतच राहिले.

आण्णा स्वतः खेळलेले. बॅकला. त्यांच्या डाव्या नडगीवर एक खड्डा होता, बोट बसेल एवढा, तो कुणी कुठल्या साली पाडला हे ते नावासकट सांगायचे, आणि ज्यानं पाडला तो माणूस आमच्या घरी दर दिवाळीला फराळाला यायचा. मला लहानपणी ह्याचं काही वाटायचं नाही. आता वाटतं.

मला बघायला आले तेव्हाची गोष्ट तर आमच्याकडं अजून सांगतात. पोहे झाले, चहा झाला, शिक्षण विचारून झालं, आणि सासऱ्यांनी, आम्ही त्यांना आबा म्हणतो, कपाळाला आठ्या घालून आण्णांना विचारलं, "तुम्ही बॅकला खेळायचासा नव्हं?" आण्णा म्हणाले, हो. आबा म्हणाले, "मी लेफ्ट आऊट." म्हणजे डावीकडनं चढाई करणारा, बॅकनं अडवायचा तोच. खोलीत एकदम शांत. मग आबांनी पँट वर केली आणि गुडघ्यावरची खूण दाखवली. आण्णा पुढं वाकून बघत म्हणाले, "ही माझी न्हाई. ही त्या उंच पोराची असंल, आमचा सेंटर बॅक." आबा म्हणाले, "व्हय, त्योच." आणि मग दोघं जे सुरू झाले ते तास-दीड तास, मी ट्रे घेऊन दारात उभी, मुलगा खुर्चीत, आमच्याकडं कुणी बघतच नव्हतं. देणंघेणं, मानपान ह्याच्यावरून एक शब्द वाढला नाही त्या दिवशी. एकच अट आबांनी घातली. मॅचच्या दिवशी सून माहेरी जाणार नाही. सगळे हसले, मी पण हसले, पण आबा हसले नव्हते.

तर सासरी पहिली मॅच आली, माहेर विरुद्ध सासर. मी सकाळपासून अस्वस्थ. दुपारी घरातले सगळे पुरुष गेले आणि वाडा असा रिकामा झाला की घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. मी माडीवर जाऊन उभी राहिले, सवयीनं कान लावला, आणि काहीच नाही. शिवाजी पेठेत आमच्या घरापर्यंत स्टेडियमचा आवाज येतच नव्हता. चार वाजले, पाच वाजले, खाली कुणीतरी धुणं बडवत होतं, रंकाळ्याकडनं वारा येत होता, आणि तिकडं मॅच चालू आहे आणि मला काही म्हणजे काही कळत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला मॅच दिसत नव्हती. लग्न झाल्यावर किती गोष्टींनी आपण परक्या घरी आलोय हे कळतं, कुणाला पाण्याच्या चवीनं कळतं, कुणाला अंथरुणानं, मला ते त्या दुपारी कळलं. रडू आलं मला. मोबाईल तेव्हा प्रत्येकाच्या हातात नव्हते.

सासूबाई मागून आल्या. मी पटकन डोळे पुसले. त्यांनी बघितलं, पण विचारलं नाही. म्हणाल्या, "हितनं काय ऐकू येत न्हाई. हितं गाड्यांवरनं कळतं. थांब जरा." आणि माझ्या शेजारी कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. सहाच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाला मोटरसायकली आल्या. एका मागं एक, चार-पाच. हॉर्न नाही, ओरडणं नाही, झेंडा गुंडाळून मांडीवर घेतलेला, आणि गाड्या एरवीपेक्षा हळू. सासूबाई म्हणाल्या, "हरली." एवढंच. आणि माझ्या छातीत एकदम जे उसळलं ना, आनंद, तो मी आवंढा गिळून दाबला, कारण त्यातल्या दुसऱ्या गाडीवर माझा नवरा होता आणि त्याचा चेहरा बघून त्याच क्षणी पोटात तुटलं पण होतं. दोन्ही एकत्र. मला अजून त्याला नीट शब्द सापडलेला नाही. जिंकल्यावर हॉर्न कसे वाजतात, गाड्या गल्लीच्या तोंडालाच कशा रेस करतात, ते पुढं कळलं हळूहळू, पण पहिल्यांदा ऐकली ती ही शांतता.

रात्री जेवणं झाल्यावर, पुरुष काही न बोलता झोपायला गेले आणि आम्ही दोघी भांडी आवरत होतो तेव्हा सासूबाई हळूच म्हणाल्या, "माझं म्हायार रविवार पेठ." मला माहीत होतंच. पण त्या पुढं म्हणाल्या, "तीस वर्सं झाली. रविवार पेठेची ह्येंच्यासंगं मॅच असली की मी गाड्यांची वाट बघती. गाड्या गप आल्या की मला बरं वाटतं. कुणाला सांगितलं न्हाई अजून."

त्या रात्री मी झोपले नाही फारशी. हिशोब करत होते. समोरच्या काकूंचं माहेर कुठलं, कोपऱ्यावरच्या वहिनी कुठल्या, आमची चुलत सासू कुठली. घराघरात एकेक बाई निघाली जिची टीम दुसरी होती. प्रत्येक घरात. बाहेर गल्लीत एकच झेंडा, एकच पताका, आणि आत स्वयंपाकघरात वेगळाच झेंडा, घडी घालून ठेवलेला.

ह्याच्यावर नवरा एकदा म्हणाला होता, डर्बी म्हणजे जवळ असलेल्या दोन टीम, झालं. पण नुसतं जवळ असून होतं का? शब्द तर घोड्यांच्या शर्यतीवरनं आला म्हणतात, आपल्याकडं महालक्ष्मीला डर्बी धावते तीच. पोराला फुटबॉलचं वेड, त्याच्यामुळं मला पण बरंच कळायला लागलंय, आणि त्यात किती तऱ्हा आहेत. इंग्लंडमध्ये ब्रायटन आणि क्रिस्टल पॅलेस, दोघांच्या मध्ये सत्तर किलोमीटरच्या आसपास रस्ता, मधे बाकीच्या टीम आहेत, पण 1976-77 च्या एका हंगामात पाच वेळा भिडल्या, दोन्ही मॅनेजरांचं वाजलं, आणि तेव्हापासून जी खुन्नस बसली ती आजपर्यंत. शेजार नव्हताच, तो त्यांनी भांडून तयार केला. उलट आपल्याकडं 2014 ला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, सुरू झालं तेव्हा मुंबई आणि पुण्याच्या मॅचला महाराष्ट्र डर्बी म्हणून मोठमोठे बोर्ड लागले. नवरा हौसेनं गेला होता डी. वाय. पाटीलला, मुंबईनं 5-0 नं हरवलं, आंद्रे मोरित्झनं हॅट्ट्रिक मारली. घरी आला आणि शांतपणे जेवला. मी विचारलं, पुणं हरलं तर तुला वाईट नाही वाटलं? म्हणाला, कुणाला तोंड दाखवायचंय उद्या? पुण्याची ती टीम 2019 ला बंद पण झाली, आणि आमच्या सोसायटीत कुणी एका शब्दानं हळहळलं नाही. एक्स्प्रेस वे होता, बोर्ड होते, गर्दी होती, पण मुंबईच्या माणसाची मुलगी पुण्यात त्या टीमच्या घरात सून म्हणून नांदत नव्हती. म्हणजे नांदत असेल, हजारो असतील, पण टीम त्या घरात शिरलीच नव्हती.

लिव्हरपूल मात्र मला कोल्हापूरच्या अगदी जवळचं वाटतं. एव्हर्टन आधी अ‍ॅनफिल्डवरच खेळायचे, 1892 ला मैदानाच्या भाड्यावरनं मालकाशी बिनसलं, ते बाग ओलांडून पलीकडं गेले आणि रिकाम्या मैदानावर लिव्हरपूल क्लब उभा राहिला. म्हणजे भाऊबंदकीच की ही. वाटणी झाली आणि मधे एक बाग राहिली. तिथं पण एका घरात एक भाऊ लाल, एक निळा. 1989 ला हिल्सबरो स्टेडियममध्ये चेंगराचेंगरी झाली, लिव्हरपूलची माणसं गेली, तेव्हा त्या बागेतनं एका मैदानापासून दुसऱ्या मैदानापर्यंत लाल आणि निळ्या स्कार्फची गाठ मारत मारत माळ बांधली होती लोकांनी. मुलानं फोटो दाखवला होता. मी तो फोटो बराच वेळ बघत बसले.

कारण चेंगराचेंगरी, दगड, हे पण ह्याच्यातच आहे आणि ते मी सोडून दिलं तर हे सगळं लिहिणं खोटं होईल. आमच्या मॅचेसना हुल्लडबाजी होते, पेपरात फोटो येतात, पोलिस लाठ्या घेऊन पायऱ्यांवर बसतात, कधी मॅच थांबते. माझा दादा असाच एकदा घरी आला तो भुवईवर रुमाल दाबून, रुमाल लाल झालेला, आठ टाके पडले. दगड कुठनं आला, कुणी मारला, कळलं नाही आणि आण्णांनी कुणाला विचारूही दिलं नाही. पण त्या दिवसानंतर आण्णा मॅचला गेले नाहीत. नडगीतला खड्डा ते कौतुकानं दाखवायचे, दादाच्या भुवईकडं मात्र त्यांना बघवायचं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ते खेळताना लागल्यालं. ह्यो कशाचा खेळ?" दीदींना मी हे सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, 16 ऑगस्ट 1980, ईडन गार्डन्स, ह्याच डर्बीला सोळा माणसं मेली, त्यांचे काका त्या दिवशी स्टँडमध्ये होते. अजूनही तिकडं त्या तारखेला रक्तदान करतात, दोन्हीकडची माणसं.

आणि मग त्यांनी मला अजून दोन गोष्टी सांगितल्या, ज्या माझ्या डोक्यातनं जात नाहीयेत. एक, कोविडच्या काळात, 27 नोव्हेंबर 2020 ला, आयएसएलमधली पहिली कोलकाता डर्बी झाली ती गोव्यात, वास्कोच्या टिळक मैदानावर, रिकाम्या स्टेडियममध्ये. जिथं 1997 ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमला एका मॅचला एक लाख एकतीस हजारांवर माणूस आलं होतं, आणि बायचुंग भूतियानं हॅट्ट्रिक मारून ईस्ट बेंगॉलनं 4-1 नं जिंकलं होतं, ती मॅच बघायला वास्कोत एक माणूस नाही. मोहन बागान 2-0 नं जिंकलं. दीदींच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये दोघंच, नवरा-बायको, टीव्हीसमोर. नवरा जिंकला. म्हणाल्या, स्टेडियम रिकामं होतं पण माझ्या सोफ्यावर पूर्ण डर्बी होती, मी रात्री त्याला डाळ वाढली ती साखर न घालता. दुसरी गोष्ट 2024 च्या ऑगस्टची. कोलकात्यात त्या तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला, शहर रस्त्यावर आलं होतं, ड्युरंड कप स्पर्धेतली डर्बी सुरक्षेचं कारण देऊन रद्द केली. तर ज्या संध्याकाळी मॅच व्हायची होती त्याच संध्याकाळी दोन्ही क्लबांची माणसं आपापले झेंडे घेऊन स्टेडियमबाहेर जमली, एकत्र, त्या मुलीसाठी न्याय मागायला. लाल-पिवळा आणि हिरवा-मरून शेजारी शेजारी. दीदींची भाची होती त्यात. तिनं पाठवलेला व्हिडिओ त्यांनी मला दाखवला, आवाज एवढा की मोबाईलचा स्पीकर फाटत होता.

आमच्याकडं मला असं काही आठवतंय का, असं मी विचार करत होते. 2017 ला अनिकेत जाधव अंडर-17 वर्ल्ड कपला भारताकडनं खेळला तेव्हा आख्खं कोल्हापूर टीव्हीसमोर होतं, तेव्हा त्याची पेठ कुठली, तालीम कुठली, असं आमच्या घरात तरी कुणी विचारलं नाही. 2019 च्या पुरात मी कोल्हापुरात अडकले होते तेव्हा भाकरीची गाठोडी भरून एक टेम्पो निघाला होता, त्यात मागं पोरं उभी होती, कुणाच्या अंगात ह्या टीमची जर्सी, कुणाच्या त्या. चिखलात लोळायला जुने कपडे म्हणून जर्सी घातल्या असतील, मुद्दाम कुणी नव्हत्या घातल्या. पण मी बघितलं. आणि आण्णा गेले त्या दिवशी. पहाटेची वेळ, दादा गोंधळलेला, काय आणायचं, कुणाला फोन करायचे, काही सुचेना. दारात पहिली गाडी आली ती आबांची, नवऱ्याच्या मागं बसून. आबांना तेव्हा नीट चालवत नव्हतं. ते आत आले, आण्णांच्या पायाशी बसले आणि चादर जरा बाजूला करून त्यांच्या डाव्या नडगीवर हात ठेवला. त्या खड्ड्यावर. बराच वेळ तसाच ठेवला होता. मी बघत होते. तिरडीला पहिला खांदा कुणी दिला, तर दादानं आणि माझ्या नवऱ्यानं, आणि मागच्या बाजूला तो फराळाला येणारा माणूस होता, ज्यानं तो खड्डा पाडला होता.

दीदींना ह्यातलं काहीच सांगता आलं नाही मला त्या दिवशी ओट्याशी. फरक काय म्हणून विचारलं तर मी पेठांची नावं पुन्हा सांगितली फक्त.

मग मे महिन्यात आम्ही गेलो कोल्हापूरला, हंगाम संपत आलेला, आणि नेमकी तीच मॅच. आबांची जुनी अट आता कुणी पाळत नाही, आबा नाहीत, मीच आपली पाळत आले होते इतकी वर्षं. ह्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "जा की म्हायाराला. ऐकून ये." मी त्यांच्याकडं बघितलं तर त्या भाजी निवडत होत्या, मान वर केली नाही. मी चालत गेले. मुलगा आणि नवरा स्टेडियमवर, नवऱ्याच्या पेठेच्या बाजूला. दादा पण बऱ्याच वर्षांनी गेला होता, आमच्या बाजूला. आईला आता कमी ऐकू येतं, ती खाली पंख्याखाली पडली होती. मी माडीवर गेले. कौलं काढून स्लॅब टाकलाय, पण कठडा तोच आहे. सव्वाचार वाजले. हलगी पुढं गेली. मग ती शांतता.

आवाज चढायला लागला, दोनदा खाली बसला, मधे पोलिसांची शिट्टी. माझे हात कठड्यावर होते आणि ते गार पडले होते मे महिन्यात. पाच वाजायच्या सुमाराला तो फुटला. लांबून. पलीकडच्या कडेनं. आणि अलीकडं ते भोक, जसंच्या तसं, तेवढंच मोठं. त्यात दादा होता. आणि जिकडनं आवाज आला तिकडं माझा मुलगा होता, बारा वर्षांचा, पहिल्यांदाच स्टेडियमवर, बापाच्या खांद्यावर चढून ओरडत असणार, घसा बसेपर्यंत.

खालून आईनं विचारलं, "कुणाचा गं?"

मी जिन्यावरनं वाकून म्हटलं, "आपलाच."

"कुठला आपला?" आई म्हणाली.